टायमर वाजतो, हात तो बंद करतो, आणि काम तिथेच राहतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला रो-हाऊसमध्ये राहता, मोठा मुलगा दहावीला, धाकटी दुसरीत. धाकटीची व्हॅन ७:१० ला येते, तुम्ही स्वतः ८:२० ला घर सोडता. पावणेसहापासून निघेपर्यंत फोनवर अकरा टायमर लागतात: गिझर, पाण्याची मोटर, दूध, कुकर, धाकटीला उठवणं, तिचं दात घासणं, पोळ्या संपवणं, डबे भरणं, व्हॅन, तुमची अंघोळ आणि निघणं. पहिले दोन आठवडे सगळं वेळेत झालं. आता टायमर वाजला की अंगठा आपोआप स्क्रीनवर जातो, आणि गच्चीवरून पाणी पडायला लागलं की कळतं, मघाशी वाजलं ते मोटरसाठी होतं. तुम्ही विचारलंय, याहून चांगलं ॲप कोणतं?

ॲप बदललंत तर आठ-दहा दिवस बरं जाईल, कारण आवाज नवा असेल. मग पुन्हा हेच होईल. तुमच्या अकरापैकी निम्मे टायमर वाजतात त्या क्षणी तुम्हाला करण्यासारखं काहीच नसतं. ‘डबे भरणं’ वाजतं तेव्हा तुम्ही डबे भरतच असता. ‘अंघोळ’ वाजतं तेव्हा तव्यावर पोळी असते, म्हणजे मनात असूनही हलता येत नाही. आवाज झाला आणि काही केलं नाही तरी चाललं, असं रोज पाच-सहा वेळा घडलं की कान तो आवाज गाळायला शिकतो, आणि गाळताना तो मोटर आणि डबे असा भेद करत नाही. अतिदक्षता विभागात यंत्रं सतत वाजत राहिली की अनुभवी परिचारिकांचंही लक्ष त्यावरून उडतं, ही वैद्यकीय क्षेत्रात सर्वमान्य अडचण आहे. तुमच्या स्वयंपाकघरात तेच चाललंय. यात तुमचा आळस नाही की विसरभोळेपणा नाही. म्हणून आधी आवाज कमी करायचे, आणि जे उरतील त्यातल्या प्रत्येकाला हाताने करायचं एकच काम जोडायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. घरात सकाळी दुसरं मोठं माणूस मदतीला आहे का, नळाचं पाणी किती वाजता येतं, गॅस आहे की इंडक्शन, यावर पुढचे आकडे बदलतील. आणि एक नाजूक मुद्दा. विसरणं सकाळच्या धांदलीपुरतं आहे की लहानपणापासून सगळीकडेच आहे, हे स्वतःशी तपासा. वेळ किती गेला हे आतून कळतच नाही, दर वेळी दहा मिनिटं वाटली ती चाळीस निघतात, कामं अर्धी राहतात, असं वर्षानुवर्षं असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडून एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं अवघड करणारी, लहानपणापासूनची अवस्था) तपासणी करून घेणं योग्य ठरेल. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं नीट जमावीत यासाठीच्या उपचारात, आम्ही अशा लोकांबरोबर टायमर खूप वापरतो. पण तिथे तो आधार असतो, उपचार वेगळे चालू असतात.

आता मूळ मुद्दा. गजर, टायमर आणि स्टॉपवॉच या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि फोनमध्ये एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी बसल्यामुळे आपण त्यांची सरमिसळ करतो. घड्याळातली वेळ ठरलेली असेल तर गजर. व्हॅन ७:१० ला येते, तुम्ही उशिरा उठलात म्हणून ती उशिरा येणार नाही. अशा कामाला ‘४५ मिनिटांचा टायमर’ लावला आणि तो लावायलाच सात मिनिटं उशीर झाला, तर तो सात मिनिटं उशिराच वाजणार. एखादी क्रिया सुरू झाल्यापासून ठरावीक अवधीने काही करायचं असेल तर टायमर: कुकर, हीटर, भिजवलेलं, लावलेलं, चढवलेलं. आणि एखाद्या कामाला किती वेळ लागतो हेच माहीत नसेल तर स्टॉपवॉच. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले तीन दिवस टायमर लावूच देत नाही, फक्त स्टॉपवॉच देते. न मोजलेल्या कामाला लावलेला टायमर ही नुसती इच्छा असते. ती दोनदा खोटी ठरली की त्याच्यावरचा विश्वास जातो.

मोजायचं कसं? तीन दिवस, फक्त चार गोष्टी: कुकर गॅसवर ठेवल्यापासून उघडेपर्यंत, धाकटी अंथरुणातून उठल्यापासून नाश्त्याला बसेपर्यंत, नाश्ता संपल्यापासून व्हॅनच्या थांब्यापर्यंत, आणि तुमचं स्वतःचं ‘झालं, निघते’ म्हटल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत. फ्रिजवर कागद लावा, आकडे लिहा. तीनपैकी सगळ्यात मोठा आकडा धरा. सरासरी धरू नका, कारण सरासरीने आखलं तर साधारण निम्मे दिवस उशीर होणार हे आधीच ठरलं. चौथ्या मोजणीत बहुतेकांना धक्का बसतो. बूट, किल्ली, हेल्मेट, पाण्याची बाटली, गॅसचा रेग्युलेटर पाहणं, कुलूप, हे सगळं मिळून लोक तीन मिनिटं धरतात आणि मोजल्यावर नऊ-दहा निघतात. रोजच्या उशिराचं मूळ बहुतेक घरांत याच जागी सापडतं. पोळ्या भरभर लाटून ते भरून निघत नाही.

मोठा आकडा हातात आला की उलटं मोजायचं. समजा नाश्ता ते थांबा तुमची सगळ्यात लांब नोंद १२ मिनिटांची आहे. ७:१० मधून १२ वजा केले की ६:५८. गजर ६:५८ चा लावायचा आणि त्यावर नाव लिहायचं ‘बूट घाला’. ‘व्हॅन’ असं लिहू नका. व्हॅन हे नाम आहे, ते वाचून हात हलत नाहीत. ‘गॅस बंद’, ‘बूट घाला’, ‘रॉड काढा’ अशी क्रियापदं लिहा. गजर नेहमी हात हलवायचा त्या क्षणाचा असावा, शेवटच्या मुदतीचा कधीच नको. ७:१० ला वाजणारा गजर फक्त व्हॅन चुकल्याची बातमी देतो.

घर सोडण्याच्या वेळेला मात्र एकाऐवजी दोन आवाज चालतात: पहिला ‘हातातलं आटपा’, दुसरा ‘उठा’. मधलं अंतर पाच मिनिटं पुरे. माणूस एका कामातून दुसऱ्यात एका झटक्यात जाऊ शकत नाही, तव्यावरची पोळी उतरायला वेळ लागतो. बाकी कुठल्याही कामाला दोन आवाज ठेवू नका. पहिला आवाज खरा नाही हे आपण लगेच शिकतो, गजराच्या स्नूझचं होतं तसंच.

स्वयंपाकघराकडे वळू. कुकरला टायमर लावताना सर्रास होणारी चूक म्हणजे कुकर गॅसवर ठेवला की टायमर सुरू करणं. वाफ धरायला लागणारा वेळ आत किती पाणी आहे, ते गार होतं की कोमट, ज्योत मोठी की लहान यावर रोज बदलतो. दोन माणसांच्या भाताला चार मिनिटं लागतील, पाहुणे आले की दहा लागतील. स्थिर असतो तो वाफ धरल्यानंतरचा वेळ. घरगुती कुकरमध्ये शिट्टीचं वजन आतला दाब ठरवतं, आणि त्या दाबाला आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. ज्योत मोठी ठेवली तर शिट्ट्या जास्त होतात, गॅस जास्त जळतो, पण डाळ काही लवकर शिजत नाही. म्हणून ‘तीन शिट्ट्या’ हे माप एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की बिघडतं, आणि त्याच घरात बर्नर बदलला तरी बिघडतं.

पद्धत अशी: पहिल्या शिट्टीपर्यंत मोठी ज्योत. शिट्टी झाली की ज्योत अगदी बारीक, आणि त्याच क्षणी टायमर. भाताला ४ ते ५ मिनिटं. अर्धा तास भिजलेल्या तूरडाळीला ८ ते १०. रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना किंवा राजम्याला २० ते २५. डाळ खाली आणि भात वरच्या भांड्यात असेल तर डाळीचा वेळ धरा आणि भाताला पाणी किंचित कमी घाला. टायमर वाजला की गॅस बंद, आणि वाफ आपोआप उतरू द्या. त्याला आणखी दहा मिनिटं जातात, ती डब्याच्या वेळेत मोजलेली असली पाहिजेत. डाळ जुनी असेल किंवा पाणी जड असेल तर दोन-चार मिनिटं वाढवावी लागतील. एकदा जुळलेला आकडा डाळीच्या डब्यावरच लिहून चिकटवा, आणि नवीन पिशवी आणली की पहिल्या दिवशी पुन्हा तपासा.

यासाठी फोन वापरू नका. हात कणकेचे असतात, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि तो बंद करायला उचलला की समोर व्हॉट्सॲपचे मेसेज येतात. फ्रिजला चुंबकाने चिकटणारा साधा डिजिटल टायमर घ्या, ९९ मिनिटांपर्यंत जाणारा. आवाज मोठा, बटणं मोठी, एवढंच बघायचं. फिरवायचा यांत्रिक टायमर घेतलात तर एक लक्षात ठेवा: ५ मिनिटांसाठी काटा थेट ५ वर नेला तर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही, कधी घंटाच वाजत नाही. आधी १५-२० च्या पुढे फिरवायचा, मग मागे ५ वर आणायचा. त्यात एखाद्या मिनिटाचा फरक पडतो. डाळीला तो चालतो, अंड्याला चालत नाही.

दुधाला टायमर लावू नका, असंच मी सांगेन. दूध उतू जायचा क्षण काही सेकंदांचा असतो, आणि पिशवी फ्रिजमधून काढून किती वेळ झाला यावर तो दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे सरकतो. जिथे डोळ्यांनीच पाहायचं तिथे टायमर खोटा धीर देतो. इडलीचं पीठ आणि दही यांचंही तसंच. नाशिकच्या डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये त्यांच्या वेळेत कित्येक तासांचा फरक पडतो, म्हणून तिथे पिठाची पातळी बघायची, घड्याळ बघून उपयोग नाही.

आता गिझर आणि मोटर. यांच्याबाबत माझं मत ठाम आहे: जिथे विसरल्यावर धोका किंवा मोठं नुकसान आहे, तिथे टायमर वाजणारा नको, तोडणारा हवा. म्हणजे वेळ संपली की वीज त्यानेच बंद केली पाहिजे. तुम्ही ऐकलं की नाही, यावर ती गोष्ट सोपवू नये.

गिझरला किती वेळ पुरतो हे हिशेबाने काढता येतं. पाण्याचे लिटर गुणिले किती अंश तापवायचं, गुणिले ०.०७, आणि त्याला हीटरच्या किलोवॅटने भागा. उत्तर मिनिटांत येतं. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर, पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायचं: १५ × ३५ × ०.०७ ÷ २, म्हणजे साधारण १८ मिनिटं. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल तर २४ मिनिटं. म्हणून गिझरचा एकच आकडा वर्षभर चालत नाही, दिवाळीनंतर पाच-सहा मिनिटं वाढवावी लागतात. गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, तो पाणी तापलं की स्वतः थांबतो, पण बटण चालू राहिलं तर गार होईल तसं पुन्हा पुन्हा तापवत बसतो. गिझरच्या पॉइंटवर ठरावीक मिनिटांनी बंद होणारा टायमर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. २ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, त्यामुळे स्विच १६ अँपिअरचाच हवा. दिव्यांसाठी मिळणारा ६ अँपिअरचा स्विच इथे तापून वितळू शकतो.

बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या, कारण साध्या रॉडला थर्मोस्टॅट नसतो. पाणी उकळून आटलं तरी तो तापतच राहतो. २० लिटरची बादली, दीड किलोवॅटचा रॉड, १५ अंशांवरून ४२ पर्यंत: २५ मिनिटं. बादली उघडी असते, उष्णता जाते, म्हणून दोन-तीन मिनिटं वर धरा. टायमर सुरू करण्याचा क्रम असा ठेवा: पाणी, मग रॉड, मग बटण, मग टायमर. आणि काढताना आधी बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. ज्या घरात लहान मूल आहे तिथे रॉड तापत असताना न्हाणीघराला बाहेरून कडी हवी. टायमर यातलं काहीही करू शकत नाही.

मोटर तर मी सकाळच्या यादीतून काढूनच टाकेन. नळाचं पाणी खालच्या टाकीत येत असेल तर वरची टाकी सकाळीच भरायला हवी असं काही नाही, रात्री जेवणानंतर भरा. टाकीत फ्लोट स्विच बसवला की टाकी भरल्यावर मोटर आपोआप थांबते. तो फारसा महाग नसतो आणि पाणी वाया जाणं थांबतं. खालच्या टाकीतही एक बसवा, कारण पाणी संपून मोटर कोरडी चालली की तिचं सील जातं. साधा प्लगमधला टायमर मोटरला लावू नका. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि छोट्या टायमरचे आतले संपर्क चिकटून बसतात. मग वेळ संपली तरी मोटर चालूच राहते.

फ्लोट बसेपर्यंत हिशेब असा करा. टाकीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजा, मोटर १० मिनिटं चालवा, पुन्हा मोजा. समजा २५ सेंटिमीटर चढलं, तर दर सेंटिमीटरला २४ सेकंद. टाकीचं तोंड आणि पाणी यात ६० सेंटिमीटर अंतर असेल तर २४ मिनिटं, आणि टायमर २० चा लावायचा. वरची चार मिनिटं व्होल्टेजच्या चढउतारासाठी.

हे आकडे योगायोगाने आपल्या जुन्या मोजणीचे निघाले. २४ सेकंदांचं एक पळ, ६० पळांची म्हणजे २४ मिनिटांची एक घटका, आणि ६० घटकांचा अहोरात्र. घटका मोजायला तळाशी बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर तरंगत सोडत. ते हळूहळू भरून बुडालं की घटका भरली. लग्नाच्या मुहूर्तासाठी ते मांडवात ठेवलं जाई. हे आठवण्याचं कारण असं, की त्या पात्राकडे बघून कोणालाही कळायचं, किती वेळ गेला आणि किती उरला. फोनमधला टायमर खिशात किंवा पालथा असतो. तो शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम ओरडतो. मधल्या काळात वेळ दिसत नाही, आणि न दिसणारा वेळ लांब वाटतो.

धाकटीच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. सात वर्षांच्या मुलीला ‘दहा मिनिटं’ म्हणजे किती हे कळत नाही, पण टायमरवर उरलेल्या वेळेबरोबर आक्रसत जाणारी लाल चकती कळते, वरून खाली पडणारी वाळू कळते. दात घासायला बेसिनपाशी २ मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा आणि ते उलटं करण्याचं काम तिचं. नाश्त्याला चकतीचा टायमर, तोही तिनेच लावायचा. स्वतः लावलेल्या टायमरशी मूल वाद घालत नाही, आईच्या ‘आवर लवकर’शी घालतं. फक्त दोन पथ्यं पाळा. टायमरची धमकी देऊ नका, ‘वाजायच्या आत संपलं नाही तर’ असं वाक्य एकदा आलं की तिला त्याची भीती बसेल. आणि वाजला की काय होणार हे रोज तेच असू द्या. एक दिवस टीव्ही बंद, दुसऱ्या दिवशी ‘बरं, पाच मिनिटं अजून’, असं झालं की तिने तो गाळायला शिकणं ओघानेच आलं.

मोठ्याच्या अभ्यासाबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, २५ मिनिटांची पद्धत लावू का? ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत विद्यार्थी असताना सुरू केली. टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर त्यांनी वापरला म्हणून तिचं नाव पोमोदोरो, इटालियन भाषेत टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुटी, चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुटी. पाठांतर, वाचन, कंटाळवाणी वही पूर्ण करणं यासाठी ती छान चालते. भूमितीचं अवघड उदाहरण सुटत आलेलं असताना २५ व्या मिनिटाला उठवणं मात्र चूक आहे. तिथे ४५-५० मिनिटांची बैठक ठेवा. आणि खरा टायमर सुटीचा असतो. कामाला बसलेला मुलगा आपोआप उठतो, सुटीवर गेलेला आपोआप परत येत नाही. त्याचा फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवा, टायमर वेगळा हवा.

परीक्षेच्या सरावाला टायमर याहून उपयोगी आहे. दहावीच्या बोर्डाचा गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, २ तासांचा. शेवटची १० मिनिटं तपासायला काढली तर ११० मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणाला पावणेतीन मिनिटं. ४ गुणांच्या उदाहरणाला ११ मिनिटं. सराव करताना त्याने ११ मिनिटांचा टायमर समोर दिसेल असा ठेवावा आणि वाजला की उदाहरण अर्धं सोडून पुढे जावं. सोडून देण्याची ही सवय मुलांना सगळ्यात जड जाते, आणि ती पेपरच्या आधीच लागलेली बरी.

इथवरचा हिशेब तुमच्या यादीला लावून पाहू. मोटर रात्री गेली. गिझर स्वतः बंद होतो. दुधाला टायमर नाही. दात घासणं आणि नाश्ता धाकटीच्या ताब्यात. कुकर फ्रिजवरच्या टायमरकडे. पोळ्या, डबे, अंघोळ यांचे टायमर काढून टाकले, त्यांच्याऐवजी स्वयंपाकघरात नजरेच्या उंचीवर मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ, बरोबर लावलेलं, पाच मिनिटं पुढे केलेलं नाही. फोनवर उरले तीन क्षण: धाकटीला उठवायचा, ६:५८ चा ‘बूट घाला’, आणि तुमच्या निघण्याची जोडी. तुमची लांब नोंद ११ मिनिटांची असेल तर ८:०९ ला ‘उठा’, त्याआधी ८:०४ ला ‘आटपा’.

फोनमधल्या काही गोष्टी एकदा तपासून ठेवा. अँड्रॉइडवर गजराचा आणि टायमरचा आवाज रिंगटोनपासून वेगळा असतो, तो सेटिंगमध्ये शून्याजवळ राहिलेला असू शकतो. बाहेरचं ॲप घेतलं असेल तर बॅटरी वाचवणारी सेटिंग त्याला मागे बंद करून टाकते, म्हणून शक्यतो फोनचं मूळ घड्याळच वापरा. आयफोनवर २०२३ च्या आयओएस १७ पासून एकाच वेळी अनेक टायमर नावानिशी लावता येतात, आणि फोन सायलेंटवर असला तरी ते वाजतात. तिथे टायमरच्या आवाजांच्या यादीत सगळ्यात खाली गाणं किंवा व्हिडिओ थांबवण्याचा पर्याय आहे. मोठ्याच्या यूट्यूबच्या सुटीला तो उत्तम. प्रत्येक गजराला वेगळा सूर द्या आणि त्यातला एकही रिंगटोनसारखा नको.

फोन कुठे ठेवता हे आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे. ‘बूट घाला’ वाजेल तेव्हा फोन चपलांच्या कपाटावर असू द्या. बंद करायला तिथपर्यंत जावं लागलं की बूट समोरच असतात. आणि एक नियम अगदी कसोशीने पाळा: आधी काम, मग बंदचं बटण. कुकरचा टायमर वाजतोय तो वाजू द्या, गॅसची कळ फिरवा, मग टायमरला हात लावा. पहिल्या आठवड्यात घरातली माणसं त्या आवाजाला वैतागतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळं एकदम बदलू नका. तीन दिवस मोजणी, नंतरचा आठवडा फक्त कुकर आणि ६:५८, त्यानंतर बाकीचे. फ्रिजवरच्या त्याच कागदावर, एखादा टायमर काही न करता नुसता बंद केला गेला तर त्याच्या नावापुढे एक रेघ मारा. आठवड्यात दोन रेघा झाल्या तर तो टायमर चुकीच्या क्षणी, चुकीच्या जागी किंवा विनाकारण लागलाय. आधी क्षण पाच मिनिटांनी सरकवून बघा, मग जागा बदलून बघा, आणि तरीही रेघा पडत राहिल्या तर तो काढून टाका.